गाडीत विणलेले पायमोजे

आम्ही मालवणातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. आम्ही एकूण बारा जणी. कोणी मासे विकतो, कोणी कोकम-आगळ करतो, कोणी खानावळीला चपात्या लाटून देतो. आज आम्ही तुम्हाला एका पायमोज्यांच्या जोडाची गोष्ट सांगणार आहोत. हा जोड आमच्यातल्या चौघींनी मिळून विणला, आणि त्यातला बराचसा कुडाळ ते दादर या गाडीत.

तुम्ही म्हणाल, मालवणात पायमोजे कशाला? आम्हालाही एसटीत एका बाईने हेच विचारलं होतं. "गे, ह्या काय विणतस?" आम्ही म्हटलं, पायमोजे. तर ती म्हणाली, "मालवणात पायमोजे? थंडी खंय असा हयसर?" सगळी गाडी हसली. आम्हीपण हसलो. आमच्याकडे पायमोजे घालतात ते शाळेत जाणारी पोरं आणि बँकेतले साहेब. बाकी सगळ्यांचे पाय उघडेच. वाळूत, खळ्यात, बंदरावर.

पण आमच्या गटातल्या एका काकीला पायमोजे हवे होते. काकीचं वय साठीच्या आसपास. बंदरावर मासे विकण्यात तिचा जन्म गेला. तिला कॅन्सर निघाला आणि मुंबईला परळच्या इस्पितळात उपचार सुरू झाले. दर तीन आठवड्यांनी जायचं, सलाईनमधून औषध घ्यायचं, परत यायचं. असं सहा वेळा. काकीचा मुलगा ट्रॉलरवर. सुनेच्या कडेवर लहान मूल. प्रत्येक खेपेला बरोबर कोण जाणार, हा प्रश्न होता.

गटाच्या बैठकीत आम्ही पाळ्या लावल्या. ज्यांना घरातून दोन-तीन दिवस निघता येईल अशा चौघी निघाल्या. पहिल्या खेपेला वहिनी गेली. ती परत आली आणि बैठकीत म्हणाली, "तिथे वॉर्डात एसी इतका, की काकीचे पाय बर्फ झाले. चादर तिने गुडघ्यापर्यंत ओढली, पण पाय काही गरम होईनात." तिथे शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पायात हाताने विणलेले मोजे होते. काकी सारखी तिकडे बघत होती. मागितले मात्र नाहीत.

बाजारात मोजे मिळतात, आम्हीही घेऊन बघितले. पण त्यांचं इलॅस्टिक काकीच्या पायाला काचायचं, संध्याकाळी पोटरीवर वळ उठायचा. आणि बोटांपाशी जी जाड शिवण असते ती तिला टोचायची. वहिनीने शाळेत असताना विणकाम शिकलं होतं. ती म्हणाली, "आपणच विणू. गाडीत बसून दहा-अकरा तास करायचं तरी काय?"

इथे जरा प्रवासाबद्दल सांगतो. आमच्या सासवा मुंबईला बोटीने जायच्या. बोट मालवणच्या बंदरात लांब उभी राहायची आणि तिथवर होडीतून जावं लागायचं. पुढे एसटी आली, घाटातून रात्रभर. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि आमचं मुंबईला जाणं सोपं झालं. आता मालवणहून एसटीने कुडाळला यायचं आणि गाडी पकडायची. काकीला रात्री झोप लागत नसे, म्हणून आम्ही दिवसाची मांडवी एक्सप्रेस घ्यायचो. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत पूर्ण सवलत मिळते, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी इस्पितळाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळलं. तुमच्या गावात कोणी असं जात असेल, तर आधीच दाखला मागून घ्यायला सांगा.

तर, वहिनीने दुसऱ्या खेपेच्या आधी आम्हा तिघींना शिकवायला घेतलं. सुलट टाका, उलट टाका, दोनाचा एक. आमचे हात मासे साफ करण्यात तरबेज, पण सुया धरल्या की बोटांना घाम फुटायचा. लोकर घसरायची नाही, सुयाच घसरायच्या. पण शिकलो.

पायमोजाच का, स्वेटर का नाही? तर स्वेटर गाडीत मांडीवर पसरतो, शेजारणीच्या अंगावर जातो. पायमोजा मुठीत मावतो. शंभर ग्रॅम लोकर, पाच छोट्या सुया, एक कात्री आणि एक कापडी पिशवी, एवढाच संसार. स्टेशन आलं की पिशवीत टाकला आणि उतरलो. आणि पायमोजा गोल विणतात, त्यामुळे बराचसा भाग नुसता सुलट सुलट जातो. बघावंही लागत नाही. रत्नागिरी सुटल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. एकदा नेमके आमच्या डब्यातले दिवे बंद होते. पूर्ण काळोख. आम्ही बोटांनी चाचपत विणत राहिलो. उजेडात आलो तेव्हा तीन फेऱ्या झाल्या होत्या, आणि एकही टाका गळला नव्हता. काकीने स्वतः मोजून बघितलं.

चौघींमध्ये एकच जोड, हे सोपं नव्हतं. जी जाईल तिने पिशवी न्यायची आणि परत आल्यावर बैठकीत पुढचीच्या हातात द्यायची. पिशवीत एक चिठ्ठी असायची. "उजवा पाय. टाच झाली. बाजूचे टाके उचललेत. एक आड एक फेरीला दोन कमी करायचे. ५६ झाले की थांब." अशी. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हळूहळू दुसऱ्याही गोष्टी यायला लागल्या. "काकीला गाडीत आल्याची वडी चालते, चहा नको." "औषधाच्या दुसऱ्या दिवशी जास्त त्रास होतो, त्या दिवशी प्रवास नको." "सिस्टरला विचारून ठेवलंय, रक्ताचा रिपोर्ट एक दिवस आधी लागतो." नंतर नंतर चिठ्ठीवर टाके कमी आणि काकीच जास्त. पण ती चिठ्ठी पिशवीत होती म्हणून एकीचं दुसरीला कळलं. नाहीतर प्रत्येक खेपेला नवीन बाई जाते आणि पहिल्यापासून चुकते.

अजून एक झालं. आपल्याकडे सुरुवातीला सगळ्या उत्साहाने पुढे येतात. दोन खेपा झाल्या की कोणाच्या घरी पाहुणे, कोणाच्या घरी भातलावणी. आमचंही तसंच होणार होतं. तिसऱ्या खेपेच्या आधी आमच्यातल्या एकीचं मन मागे झालं होतं, हे ती आता स्वतः कबूल करते. पण पिशवी तिच्या घरी खुंटीला टांगलेली. आत अर्धा पायमोजा, सुयांसकट. ती म्हणते, "रोज येता-जाता ती पिशवी दिसायची. माणसाला नाही म्हणता येतं, अर्ध्या मोज्याला कसं म्हणायचं?" आणि ती गेली.

एका मैत्रिणीने मात्र बैठकीत खडसावून विचारलं. "घराकडे राबूचा, बाजारात राबूचा, आता गाडयेत पण राबूचा काय? बाईचे हात जरा रिकामे र्‍हवले तर काय होता?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. कारण तो खरा आहे.

बायका चालता-फिरता विणतात हे जगात अनेक ठिकाणी आहे. आपल्या हिमाचल आणि उत्तराखंडातल्या बायका वाटेने चालताना विणतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. आपल्यासारखीच मच्छीमारांची वस्ती, पुरुष समुद्रावर. तिथल्या बायका पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन चालता चालता पायमोजे विणायच्या. कमरेला भोकं पाडलेला चामड्याचा पट्टा बांधायच्या आणि सुईचं एक टोक त्या भोकात रोवायच्या. ऐकायला छान वाटतं. पण त्या विणकामाचे त्यांना बहुतेक वेळा रोख पैसे मिळत नसत. व्यापारी बदल्यात चहा, कापड असा माल द्यायचे, तोही त्यांनी ठरवलेल्या भावाने. शेवटी १८७२ मध्ये सरकारला त्याची चौकशी करावी लागली. म्हणजे बाईचा प्रवासातला वेळसुद्धा कोणीतरी स्वस्तात विकत घेऊ शकतो.

म्हणून आम्ही हिशेब केला. एका जोडाला आम्हाला मेहनतीचे वीस तास तरी लागले. लोकर दीडशे रुपयांची. बाजारात मशीनचा जोड पन्नास-साठ रुपयांना मिळतो. आम्ही हाताचा म्हणून तीनशेला विकला, तरी तासाला साडेसात रुपये पडतात. मासे साफ करून यापेक्षा जास्त मिळतात. तेव्हा मैत्रिणींनो, कोणी तुम्हाला म्हणालं की मोजे विणा आणि घरबसल्या कमवा, तर आधी तास मोजा. आमच्या गटाने ठराव केला, पायमोजे विकायचे नाहीत. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी विणायचे, आणि विणावंसं वाटलं तरच. कोणाला खिडकीतून बाहेर बघत बसायचं असेल तर तिने खुशाल बसावं. त्या मैत्रिणीचीही पाळी आली. तिने सगळी वाट एक टाका विणला नाही. काकीचं डोकं मांडीवर घेऊन वैभववाडी ते पनवेल बसली. चिठ्ठीत तिने लिहिलं, "विणलं नाही. काकी झोपली." आम्हाला त्या चिठ्ठीत काही कमी वाटलं नाही.

आता काकीच्या पायांचं सांगतो. चौथ्या खेपेनंतर ती म्हणाली, "पाय माजे वाटनत नाय गे, लाकडाचे वाटतत." तळव्यांना मुंग्या यायच्या, बोटं बधिर. डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की काही औषधांनी असं होतं. हातापायांच्या टोकाच्या नसांवर परिणाम होतो. काहींचं नंतर हळूहळू कमी होतं, काहींचं राहतं. असं झालं तर लपवू नये, डॉक्टरांना लगेच सांगावं, कारण औषधाचं प्रमाण त्यावरून ठरवता येतं. काकी दोन खेपा गप्प बसली होती. कशाला त्रास द्यायचा म्हणून. चिठ्ठीमुळे ते उघडं पडलं. एकीने लिहिलं होतं, "काकीची चप्पल पायातून निसटली, तिला कळलं नाही."

मधुमेहाच्या बायकांनाही असंच होतं, आणि तशा बायका तर आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही, भाजलेलं कळत नाही. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. अनवाणी फिरायचं नाही, खळ्यातसुद्धा. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा धरायचा किंवा नातवाला बघायला सांगायचं. पाय थंड पडले तरी गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, कातडी भाजते आणि समजत नाही. आणि मोजा घालण्याआधी उलटा करून आत हात फिरवायचा, गाठ किंवा खडा आहे का बघायला. मोजा सैल हवा, काढल्यावर पायावर वळ दिसता कामा नये.

याच सुमाराला आमची एक फजिती झाली. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चाललं की पाय सरकतो. रात्री उठताना काकी एकदा सरकली, खाटेला धरलं म्हणून वाचली. चप्पल तर हवीच. पण अंगठ्याच्या चपलेत मोजा कसा जाणार? तेव्हा आमच्यातल्या एकीच्या कॉलेजातल्या मुलीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे ठेवले आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. त्यांना अंगठ्याचं घर वेगळं आणि बाकीच्या बोटांचं वेगळं, चपलेबरोबर घालता यावेत म्हणून! आणि ते आपल्यासारखे दोन-चार सुयांवर नव्हे, एकाच सुईने केलेले. काकीने फोटो बघितला आणि म्हणाली, जाळं विणतात तसंच दिसतंय की!

आम्ही लगेच उजव्या मोज्याला अंगठ्याचं वेगळं घर काढलं. अर्धी खेप त्यातच गेली. इस्पितळात सिस्टरने बघितलं आणि कौतुक केलं, पण म्हणाली, "बाई, बधिर पायाला अंगठ्याची चप्पल नकोच. बोटांच्या मध्ये घासेल, जखम होईल आणि यांना कळणार नाही. पुढून रुंद पट्टा आणि मागे बंद असलेली चप्पल घ्या." झालं. परतीच्या गाडीत चिपळूण येईपर्यंत आम्ही तेवढं उसवलं. वाईट वाटलं. पण लोकर तीच राहते, हे विणकामात बरं असतं. तुमचे पाय धडधाकट असतील आणि पहाटे थंडीत अंगठ्याची चप्पल घालून बाहेर पडायचं असेल, तर मात्र ते इजिप्तचे मोजे करून बघा.

काकीला विणायची फार हौस होती. तिचे वडील रापणीवाले. लहानपणी तिने त्यांच्याबरोबर जाळ्याची तुटलेली आसं दुरुस्त केली होती. पण तिच्या बोटांची टोकंही बधिर झाल्यामुळे बारीक सुई तिच्या हातात ठरत नसे. तिने दोनदा प्रयत्न केला, मग सुया आमच्या हातात दिल्या आणि खिडकीकडे तोंड केलं. त्या वेळी काय बोलावं हे आम्हाला सुचलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ह्यो टाको गळलो. खाली बघ." बघतो तर खरंच, चार ओळी खाली एक टाका सुटून बसलेला. आमचं लक्ष नव्हतं, तिचं होतं. त्या दिवसापासून विणायचं आम्ही आणि तपासायचं काकीने, असं ठरलं. जाळ्याचं एक आस तुटलं की सगळा मासा तिथूनच जातो, ती म्हणायची, मोज्याचंही तसंच.

आता कोणाला करून बघायचा असेल तर वही-पेन घ्या. मध्यम पायाच्या बाईसाठी सांगतो. चार पदरी मऊ लोकर शंभर ग्रॅम. बाजारात बेबी वूल म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिकची असते, तिच्यात घाम जिरत नाही, म्हणून खरी लोकर किंवा सुती दोरा मागा. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या १२ नंबरच्या पाच सुया. ५६ टाके घाला. घालताना दोन सुया एकत्र धरा, म्हणजे काठ सैल राहील. चार सुयांवर चौदा-चौदा वाटून घ्या, पाचवी विणायला. दोन सुलट दोन उलट अशी तीन बोटं रुंद बॉर्डर करा. मग नुसतं सुलट, गोल गोल, टाचेपर्यंत.

टाचेसाठी अर्धे म्हणजे २८ टाके घ्या, बाकीचे तसेच राहू द्या. या २८ वर सरळ-उलट अशा २८ ओळी विणा, दर ओळीचा पहिला टाका न विणता उचला. आता टाच वळवायची. १६ सुलट विणा, दोनाचा एक करा, आणखी एक विणा आणि तिथूनच मागे फिरा. पहिला टाका उचला, ५ उलट, दोनाचा एक, एक उलट, पुन्हा फिरा. यापुढे वळणापाशी एक फट दिसेल. तिथपर्यंत विणत जा, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून एक करा, पुढचा एक विणा, फिरा. अगदी शेवटच्या दोन ओळींत पुढचा टाका उरणार नाही, घाबरू नका. शेवटी १६ टाके राहतात आणि टाचेची वाटी तयार होते. पहिल्यांदा ती वाटी झाली तेव्हा आम्ही डब्यात ओरडलोच. समोरच्या आजोबांना वाटलं, काही चोरीला गेलं.

मग टाचेच्या दोन्ही कडांवरून चौदा-चौदा टाके उचला आणि पुन्हा गोल विणायला लागा. एकूण ७२ होतात. एक आड एक फेरीला दोन्ही बाजूंना एकेक कमी करत पुन्हा ५६ वर या. मग सरळ विणत जा. बोटांच्या टोकाला दोन बोटं अंतर राहिलं की एक आड एक फेरीला चार टाके कमी करा, दोन एका कडेला, दोन दुसऱ्या कडेला. २४ उरले की लोकर कापा आणि दाभणाने समोरासमोरचे टाके एकमेकांत ओवून घ्या. जाड शिवण नको.

आणि प्रवासातली काळजी. एसटीत सुया काढू नका. कुंभारमाठापासून चौक्यापर्यंतची वळणं तुम्हाला माहीतच आहेत, एक ब्रेक लागला की सुई शेजारच्याच्या अंगात. गाडीतही लहान मूल बाजूला असेल तर पिशवी बंद. सुयांच्या टोकांना बाटलीचं बूच खोचून ठेवा. गोळा पिशवीतच राहू द्या आणि पिशवी मनगटाला अडकवा, नाहीतर गोळा सीटखालून पार दुसऱ्या दारापर्यंत जातो. आणि ती पिशवी सुक्या बांगड्यांच्या पिशवीजवळ ठेवू नका. हे आम्ही अनुभवाने सांगतोय.

एक जुनी आठवणही सांगतो. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा आपल्या जवानांकडे डोंगरातल्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि देशभर बायकांनी स्वेटर आणि पायमोजे विणून सीमेवर पाठवले. उकाड्याच्या गावांतल्या बायकांनीही विणले. ज्यांच्या पायात ते जाणार होते त्यांना त्यांनी कधी बघितलंही नव्हतं. आमचं काम त्यामानाने सोपं होतं. आमचे पाय समोरच्या सीटवर होते.

जोड पाचव्या खेपेला पूर्ण झाला. काकीने वॉर्डात घातला. तेव्हा दिसलं की डावा मोजा उजव्यापेक्षा थोडा आखूड आणि घट्ट आहे. चार हातांचं विणकाम. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट. काकीने दोन्ही पाय समोर धरून बघितले. म्हणाली, "असांदे. ह्यो घट्ट टाको कोणाचो, ता माका म्हायत असा." आणि बोट ठेवून तिने बरोबर ओळखलं, कुठपर्यंत वहिनी आणि कुठून पुढे कोण. शेवटी डाव्याची बॉर्डर उसवून आम्ही सैल करून दिली, कारण वळ उठायला नको होता.

आता काकीचे सहा डोस झाले आहेत. तपासणीला जावं लागतं, पण दर तीन आठवड्यांनी नाही. पायाची बधिरता थोडी कमी आहे, पूर्ण गेलेली नाही. सकाळी बंदरावर तासभर बसते, मोजे आणि मागून बंद चप्पल घालून. गिऱ्हाईकं विचारतात, आणि ती सगळी गोष्ट सांगत बसते. तेवढ्यात पापलेटाचा भाव कोणी पाडून मागितला तर मात्र गोष्ट तिथेच थांबते.

पिशवी आता दुसऱ्या घरी टांगलेली आहे. आमच्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. तिथे तीन-चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसायचं असतं. तिच्याबरोबर कोण जाणार, याच्या पाळ्या आम्ही लावल्या आहेत. या वेळी पाच जणींची नावं आली. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, "५६ घातलेत. सासऱ्यांचा पाय मोठा आहे, ६४ करावे लागतील. उसवून पुन्हा घाल."

तुमच्या गटातली कोणी एकटी दवाखान्याच्या खेपा घालत असेल तर पुढच्या बैठकीत तिचं नाव काढा. विणता येत नसेल तरी चालेल. एक पिशवी आणि एक चिठ्ठी एवढ्यावरही सुरुवात होते.